आधी आपला हात

वाचकहो, वृद्ध आई-वडिलांना प्रवासास न्यावे की नाही, हा प्रश्न आपणांपैकी अनेकांना पडत असेल. मलाही पडला होता. वडिलांचे वय 76, मधुमेह 20 वर्षांचा. शिक्षक म्हणून त्यांची उमेदीची वर्षे नांदेड जिल्ह्यातील इस्लापूर येथे गेली. ‘पैनगंगेचा तो काठ एकदा डोळे भरून पाहायचा आहे,’ एवढेच ते म्हणत. अखेर दसरा झाल्यावर आम्ही सारे मोटारीने निघालो. दर तासाला थांबावे, चार पावले चालावे, असा नेम ठेवला.

इस्लापूरजवळ सहस्रकुंड येथे पैनगंगा काळ्याकभिन्न खडकावरून अनेक धारांनी कोसळते. अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. शेवाळलेल्या खडकावर न उतरता आम्ही वरूनच दर्शन घेतले. खुर्चीवर बसून बाबा एकेक धार नातवंडांना दाखवत होते.

तेथून किनवटच्या सागवानी रानातून उनकेश्वरला पोहोचलो. येथे गंधकयुक्त गरम पाण्याचे झरे आहेत. श्रीरामांनी शरभंग ऋषींसाठी बाण मारून हे पाणी काढले, अशी आख्यायिका आहे. जमिनीत खोल मुरलेले पाणी तेथील उष्णतेने तापून भेगांतून वर येते, असे शास्त्र सांगते.

एका बादलीत ते पाणी घेऊन बाबांनी पाय सोडले. ‘कोमटच आहे रे,’ ते समाधानाने म्हणाले. सहज मी हात घातला आणि चटकन मागे घेतला! बाबांचे तळवे लालबुंद झाले होते. त्यांना मात्र काहीच जाणवले नव्हते. लगेच 20 मिनिटे साध्या पाण्याची धार धरली. सुदैवाने फोड आले नाहीत. पुढे डॉक्टरांनी नायलॉनच्या बारीक तंतूने तळवे तपासले, तेव्हा बोटांचा स्पर्शच हरपल्याचे कळले. बाबांना बधिरपणा काही महिन्यांपासून जाणवत होता. ‘तुम्ही प्रवास रद्द केला असता, म्हणून बोललो नाही,’ ते हळूच म्हणाले.

ते वाक्य मला आजही सलते. आपल्या काळजीला नकाराचे रूप आले, की वृद्ध माणसे दुखणे लपवू लागतात.

म्हणून आपणांस विनंती, त्यांना अवश्य न्या. पण गरम पाण्याचा अंदाज आधी आपल्या कोपराने घ्या. मधुमेह असल्यास गरम पाण्यात पाय बुडवून बसणे टाळावे. रात्री तळपाय उजेडात पाहावेत. स्नानानंतर चक्कर येऊ नये म्हणून सावकाश उठवावे. झऱ्याचे पाणी औषधाची जागा घेत नाही. नेहमीच्या गोळ्या चुकवू नयेत.

पुढच्या वर्षी बाबांना माहूरगडी रेणुकादर्शनाला जायचे आहे. मी होकार दिला आहे. हल्ली बादलीत पाय ठेवण्यापूर्वी ते माझ्याकडे पाहतात आणि मी आधी हात घालतो.