तिला विचारलं का?

बारामती

चि. सोनू,

इंदापूर तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात तू रुजू होतेस, म्हणून हे पत्र जरा सविस्तर. त्या ओपीडीत एक आई आज ना उद्या येईलच. सोबत पंधरा-सोळाची स्वमग्न मुलगी. आई दार लोटून घेईल आणि हलक्या आवाजात विचारेल, "डॉक्टर, हिची पिशवी काढता येईल का?"

या पट्ट्याला ही मागणी अनोळखी नाही. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या साखर कारखान्यांवर दर हंगामाला बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं 2019 साली सर्वेक्षण झालं, तेव्हा 82,309 जणींपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. कामाचा खाडा नको, हे त्यामागचं एक कारण. स्वमग्न मुलीच्या घरी कारणं वेगळी असतात: पाळीचं कोण बघणार, आणि कुणी गैरफायदा घेतला तर? या दुसऱ्या भीतीवर तर ऑपरेशन हा उपायच नव्हे. दिवस राहणार नाहीत, पण अत्याचार थांबणार नाही. उलट तो उघडकीला यायची एक वाट बंद होईल.

पुणे जिल्ह्यात हे सरकारी यंत्रणेनेच केलेलं आहे. फेब्रुवारी 1994 मध्ये शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींना पुण्याला ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढायला सुरुवात झाली. त्यांना पाळीतली स्वच्छता राखता येत नाही, एवढंच कारण. अकरा जणींची ऑपरेशनं झाली. महिला संघटना आणि आरोग्य चळवळीतले कार्यकर्ते उभे राहिले, तेव्हा पुढची थांबली. मुख्यमंत्री त्या वेळी बारामतीचेच शरद पवार होते. त्या मुलींत स्वमग्न कुणी होती का, हे कागदावर येण्याची सोयसुद्धा नव्हती. 1995 च्या अपंग कायद्याच्या यादीतही स्वमग्नता नव्हती, तिला कायद्यात जागा मिळाली ती 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने.

आता कायदा स्पष्ट आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 10 सांगतं की मूल होण्याची क्षमता जाईल असा कोणताही उपचार त्या व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येणार नाही. कलम 25 मध्ये लैंगिक आणि प्रजनन आरोग्यसेवेचा स्वतंत्र उल्लेख आहे. त्याआधी 2009 साली चंडीगडच्या एका प्रकरणात, बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणीला गर्भ ठेवायचा होता म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तिचा गर्भपात रोखला होता.

तरी केसपेपरवरचे सगळे प्रश्न आईलाच विचारले जातात. मुलगी शेजारच्या स्टुलावर बसलेली असते, आणि तिला बोलता येतं की नाही हेसुद्धा कुणी तपासलेलं नसतं. खरं तर अनेक स्वमग्न मुली उत्तर देतात, फक्त वेळ घेतात. कुणी लिहून देतं, कुणी चित्रावर बोट ठेवतं. मात्र प्रश्न सरळ हवा. "खाली काही त्रास होतो का?" म्हटलं, तर ती फरशीकडे पाहील. "लघवी करताना आग होते का?" असं विचारलं तर सांगेल. घरी "कावळा शिवला" एवढंच ऐकलेल्या मुलीला रक्त पाहून आपण मरतोय असं वाटलं, तर त्यात तिचा काय दोष?

अवयवांची नावं तिला यायलाच हवीत, कारण बाललैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली जबाब देण्याची वेळ आली तर तीच नावं लागतात. विशेष शिक्षकाची किंवा तिची भाषा समजणाऱ्या माणसाची मदत घेण्याची तरतूद त्या कायद्यात आहे, हे ठाण्यातल्या अंमलदाराला तुला कदाचित सांगावं लागेल.

पाळी बंद करण्याआधी करून पाहण्यासारखं खूप असतं. पॅडचा खरखरीतपणा सहन होत नसेल तर मऊ सुती कापड. पाळी येण्याआधीच, घरी, कोरड्या पॅडचा सराव. कॅलेंडरवर खुणा. पोट दुखत असेल तर दुखण्यावर उपचार. तो तर सर्रास राहून जातो, कारण ती ओरडली की स्वमग्नतेच्या नावावर खपतं.

आणि मुलगे. त्यांच्याबद्दल तर कुणी विचारायलाच येत नाही. चारचौघांत हात चड्डीत गेला की मार बसतो, नाहीतर झोपेची गोळी. हे आपल्या खोलीत, दार लावून करायचं, एवढं चित्रांतून शांतपणे, रोज सांगितलं तर बरेच जण शिकतात. वीस-बावीसचा झाला की "लग्न केलं की सुधारेल" सुरू होतं. त्या मुलालाही विचार, आणि जिच्याशी जमवताहेत तिला हे ठाऊक आहे का, हेही विचार.

शाळा-अंगणवाडीतून होणारी बालस्वास्थ्य तपासणी अठराव्या वर्षी संपते. पुढे इंदापूरकराने 140 किलोमीटरवर पुणं गाठायचं, तेही एसटीच्या कलकलाटात, आणि पोचेपर्यंत तपासून घ्यायची त्याची ताकद संपलेली. बारामतीत आता वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या स्त्रीरोग आणि मानसोपचार विभागांशी आधी फोनवर बोलून वेळ ठरव, म्हणजे रांगेत ताटकळावं लागणार नाही. तुझ्याकडे किशोरवयीनांसाठीचं मैत्री क्लिनिक असेल तर त्यातली एक दुपार या मुलांसाठी राखून ठेव: पंखा-ट्यूब बंद करता येईल अशी खोली, हात लावण्याआधी सांगायची पद्धत, आणि खोलीचे, टेबलाचे, तुझे फोटो आधीच आईच्या मोबाईलवर. आशाताईंना गावागावातली अशी घरं माहीत असतात, पहिली यादी त्यांच्याकडूनच घे.

तुझी,
मावशी