धुक्यातलं विमान

पाचगणीत पॉइंट दिसेनासे झाले की व्हिडिओ गेमचं दुकान दिसू लागायचं. जून लागला, धुकं टेबल लँडवर ठाण मांडून बसलं, की पारसी पॉइंटवरून ना कृष्णेचं खोरं दिसे, ना धोमचं पाणी. पैसे खर्चून आलेला मुंबईकर मग पोरांना घेऊन बाजारात शिरे. यंत्रात टोकन पडे आणि काळ्या पडद्यावर एक विमान निघे. पार्लर अजून आहेत, पण ते विमान क्वचित दिसतं. त्याच्याबरोबर जे गेलं आणि जे जात आहे, त्याची ही यादी.

काळं आकाश. या खेळांनी अंतराळ निवडलं त्यात कल्पनेइतकीच काटकसर होती. डोंगर, झाडं, घरं काढायची तर यंत्र दमतं. काळोख फुकट मिळतो. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये शत्रू मरत जातात तसे उरलेले अधिक वेगाने चाल करून येतात. तोमोहिरो निशिकादो या कर्त्याने ते आधी योजलं नव्हतं. पडद्यावर काढायचं कमी उरलं की यंत्र भराभर चालायचं, एवढंच. पुढच्या वर्षीच्या 'गॅलॅक्सियन'ने रंग आणले, सरकत्या चांदण्या आणल्या. पोरांना यातलं एकही नाव ठाऊक नसे. सगळ्यांचं नाव एकच, 'विमानाचा गेम'.

रूळ. पाचगणीला रेल्वे नाही. पूर्वी वाठार स्टेशनला उतरून वाईमार्गे वर यावं लागे. इथल्या पोरांनी रूळ पाहिले ते पडद्यावर, आणि तेही न दिसणारे. रुळावरून धावल्यासारख्या या जातीच्या खेळात विमान वर-खाली, डावी-उजवीकडे नेणं तुमच्या हातात. पुढे जाणं यंत्राच्या. थांबता येत नाही, मागे वळता येत नाही. पसरणी घाटात एसटीच्या खिडकीशी बसलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. १९८५ च्या 'स्पेस हॅरिअर'मध्ये चपटी चित्रं क्षणाक्षणाला मोठी करून ती अंगावर आल्याचा भास केला होता. मुळात तिथे लढाऊ विमान उडायचं होतं. विमानाची सगळी चित्रं मेमरीत मावेनात, म्हणून खेळाचे कर्ते यू सुझुकी यांनी उडणारा माणूस घेतला. १९९३ च्या 'स्टार फॉक्स'ने चपटी चित्रं सोडून त्रिकोण-चौकोनांचं विमान बांधलं. त्यासाठी लागणारी जादा चिप खेळाच्या कॅसेटच्या पोटातच घातली होती.

टोकन. गल्ल्यावर पैसे द्यायचे आणि टोकन घ्यायचं. ते फक्त त्याच दुकानात चाले. सुट्टी संपून घरी गेल्यावर चड्डीच्या खिशात एखादं सापडे. त्याचं मग काहीच करता येत नसे. फोनवरच्या खेळात पैसे जातात, पण मूठ गरम होत नाही.

दांडा. जॉयस्टिक म्हणत, पण मालक 'दांडा' म्हणे. 'दांडा हळू!' ही त्याची दिवसभराची हाक. विमान डावीकडे न्यायचं तर दांडा नुसत्या मनगटाने हलवून भागे, तरी पोरं अख्खं अंग डावीकडे झुकवत. आता बोट काचेवर सरकतं आणि अंग जागचं हलत नाही.

काच. पडदा म्हणजे जाड काचेची पेटी, टीव्हीसारखी. तीच अक्षरं वर्षानुवर्षं एकाच जागी उजळली की काचेच्या आतल्या लेपावर कायमची उमटत. यंत्र बंद असलं तरी 'इन्सर्ट कॉइन' पुसट वाचता येई. एवढा धीराचा विक्रेता पाचगणीच्या बाजारात दुसरा नव्हता.

तीन अक्षरं. पहिल्या काहींत नंबर आला की यंत्र नाव विचारी. जागा तीनच इंग्रजी अक्षरांची. 'आर-ए-एम' लिहिलं की राम पुरता बसे. ज्ञानेश्वराला मात्र डोकं तेवढं आत घालता येई. बऱ्याच जुन्या यंत्रांना ही यादी वीज असेपर्यंतच आठवे. घाटात पावसाळ्यात वीज जायला निमित्त लागत नाही. ती परत आली की सगळे राजे पुन्हा रांगेत.

मागे उभा असलेला. ज्याच्याकडे टोकन नाही, तो. खेळणाऱ्याच्या खांद्यावरून तो बघे. शत्रू कुठून येणार हे त्याला पाठ असे, कारण मार्ग रोज तोच. 'आता वरून येतील' हे त्याचं ज्ञान आणि 'एक चान्स दे ना' ही त्याची फी. दुकानातला सगळ्यात जाणकार माणूस बहुधा तोच होता.

फुंकर. पुढे टीव्हीला जोडायचे, जपानी यंत्रांच्या नकलेचे स्वस्त डबे घरी आले. कॅसेटवर हजारो खेळ छापलेले. आत तेच थोडे फिरून फिरून. 'गॅलॅक्सियन' त्यात हमखास. चालेना की कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची. फुंकरीने काही होत नसे. काढून पुन्हा बसवल्यामुळे टोकं जुळत. पण फुंकर मारल्याशिवाय बसवायचीच नाही, असा नेम होता.

नवा जुनेपणा. आता हे खेळ मुद्दाम जुन्यासारखे केले जातात. २०२२ मध्ये आलेल्या 'एक्स-झोडिॲक'ने 'स्टार फॉक्स'चे ठसठशीत त्रिकोण आणि मोजके रंग हौसेने परत आणले. जुन्या यंत्रांना दूरचं काढणं झेपत नसे, म्हणून खेळांत लांबवर धुकं सोडत. तेव्हाची गरिबी आज नक्षी झाली आहे.

यादीत शेवटचं राहतं ते सर्किटचं बोर्ड. पार्लर मोडतं तेव्हा लाकूड, काच आणि पत्रा भंगारात वजनावर जातो, आणि बोर्डही त्याच तागडीत पडतं. खेळ असतो तो फक्त त्या बोर्डावरच्या चिपांत. १९९७ पासून 'मेम' नावाच्या प्रकल्पात जगभरचे हौशी लोक अशा चिपा वाचून खेळ जतन करत आहेत, आणि नकली बोर्डांचीही तिथे वेगळी नोंद होते. तेव्हा कुणाच्या माळ्यावर, गोदामात जुनं यंत्र पडलं असेल, तर खोकं खुशाल विका. बोर्ड तेवढं काढून कोरड्या जागी ठेवा. पाचगणीची पावसाळी हवा दमट असते.