रथाखाली न गेलेला मालेराव

संपादकांच्या पत्रात एकच प्रश्न होता: तुम्ही नेमकं करता काय? हा प्रश्न मला इंदुरात नेहमी ऐकावा लागतो. काहींना वाटतं मी अहिल्याबाईंचे संवाद लिहिते, काहींना वाटतं नाटकाचे कपडे शिवून घेते. मी इतिहास-संशोधक आहे. आमची संस्था होळकरकालीन दरबार, कोठी आणि बाजार जिवंत माणसांच्या रूपाने उभे करते. त्या काळचा पेहराव केलेली माणसं हिशेब लिहितात, दळण दळतात, माग चालवतात आणि बघायला आलेल्यांशी बोलतात. त्यांनी काय ल्यावं, काय खावं, कुणाला कोणत्या नात्याने हाक मारावी, हे अस्सल कागदांवरून ठरवणं हे माझं काम.

जगात ही रीत नवी नाही. स्टॉकहोमचं स्कान्सेन १८९१ साली उघडलं आणि अमेरिकेत विल्यम्सबर्ग हे अठराव्या शतकातलं गाव १९२६पासून पुन्हा उभं केलं गेलं. आपल्याकडे कोल्हापूरजवळ कणेरी मठाने ग्रामजीवनाचं मोठं संग्रहालय केलं आहे, पण तिथे पुतळे आहेत. पुतळ्याला कुणी प्रश्न विचारत नाही. आमच्या माणसांना विचारतात आणि त्यांना उत्तर द्यावंच लागतं.

ग्रंथ लिहिताना ‘याविषयी कागद मिळत नाही’ असं म्हणून मला पुढे जाता येतं. कोठीत बसलेल्या कारकुनाला मात्र पागोटं बांधावंच लागतं, आणि पागोट्याला कुठला तरी रंग असतोच. तो रंग कोणता, यावर माझा बराच वेळ जातो. रासायनिक रंगांचा शोध १८५६चा. त्यामुळे बाजारात मिळणारा झगझगीत राणी रंग १७८०च्या दरबारात आणता येत नाही. त्या वेळचा लाल म्हणजे आलेच्या मुळांचा किंवा लाखेचा, निळा निळीचा, पिवळा हळदीचा, गुलाबी-केशरी करडईच्या फुलांचा. आल आपल्या माळव्यात पिकत असे. सुती कापड आधी नीट धुऊन, तुरटी लावून, मगच मुळांच्या काढ्यात घालावं लागतं. तुरटी नसेल तर रंग धरत नाही. असा लाल विटकरीकडे झुकतो. उन्हात दरबार भरला की तो मंद दिसतो आणि फोटो काढणारे नाराज होतात. त्यांची नाराजी मला मान्य आहे, राणी रंग मान्य नाही.

खाण्याचंही तेच. अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीच्या वर्षी एका कार्यक्रमात ‘मातोश्रींचा फराळ’ म्हणून साबुदाण्याची खिचडी वाटायचं ठरत होतं. सराफ्यातली खिचडी मलाही आवडते. पण तिच्यातला बटाटा, मिरची आणि शेंगदाणा हे तिन्ही अमेरिका खंडातून आलेले. मिरची लवकर रुळली, शेंगदाणा आणि बटाटा आपल्या घराघरांत एकोणिसाव्या शतकात पोचले. आज आपण खातो तो साबुदाणा टॅपिओकाचा. त्याचा धंदा तमिळनाडूत सेलमकडे १९४०च्या दशकात वाढला. मी वरी आणि शिंगाडा सुचवला. ‘लोकांना हे आपलं वाटणार नाही,’ असं उत्तर मिळालं. या उत्तराचा मला फार थकवा येतो. आजच्यासारखं असेल तेवढंच आपलं, असा हिशेब असेल तर इतिहास कशाला दाखवायचा?

कागद खूप आहेत, पण ते आपल्याला हवं ते सांगत नाहीत. ‘महेश्वर दरबारची बातमीपत्रे’ वाचा. ती लिहिणारी माणसं पुण्याला खबर देणारी होती. त्यांचं लक्ष पैशावर, फौजेवर, तुकोजीबाबा होळकर आणि अहिल्याबाई यांच्यातल्या कुरबुरींवर, शिंद्यांच्या हालचालींवर. बाई कोणत्या बैठकीवर बसल्या होत्या, हे लिहिण्याचं त्यांना कारण नव्हतं. दिनक्रमासाठी आम्हाला ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमच्या १८२३च्या ग्रंथाकडे जावं लागतं. १८१८मध्ये माळव्याचा कारभार त्याच्याकडे आला. बाईंना जाऊन तेव्हा तेवीस वर्षं झाली होती, पण त्यांना पाहिलेली माणसं हयात होती. पहाटे उठणं, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, दुपारपासून संध्याकाळपर्यंत दरबार, आणि रात्री नऊनंतर पुन्हा दोन तास कामकाज, ही हकीकत त्याच्याकडून येते. पांढरं साधं वस्त्र आणि गळ्यात एक छोटी माळ, हेही त्याचंच. तरी दर वर्षी कुणीतरी जरीकाठाची माहेश्वरी घेऊन येतं. बाईंनी विणकरांना आश्रय दिला, म्हणून त्या स्वतः जरीकाठ नेसत असतील, असं होत नाही.

आणखी एक समजूत जाता जात नाही. लोक राजवाड्याच्या उंच दरवाजाकडे बोट दाखवून सांगतात, बाई इथून राज्य करत. त्यांचा कारभार महेश्वरहून चालला. इंदूर राजधानी झालं ते महिदपूरची लढाई हरल्यावर, १८१८च्या मंदसोरच्या तहानंतर. हे मी आता पाठ म्हटल्यासारखं सांगते आणि पुढे जाते.

पण आडा बाजाराच्या गोष्टीवरून मात्र मला असं पुढे जाता येत नाही.

इंदूरच्या वाचकांना ती सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव रथातून जात होता. त्याच्या रथाखाली गाईचं वासरू मेलं. बाईंनी न्याय केला: मुलाचे हातपाय बांधून त्याला रस्त्यावर टाका आणि त्याच्यावरून रथ न्या. सारथी तयार होईना, तेव्हा बाई स्वतः रथावर चढल्या. तेवढ्यात तीच गाय आडवी आली, पुन्हा पुन्हा आडवी आली आणि मुलगा वाचला. त्यावरून त्या जागेला आडा बाजार म्हणतात, असं सांगतात. आमच्याकडे हा प्रवेश करा, अशी मागणी दर हंगामात येते. या वेळी ती इतकी जोरात आली की संहिताच तयार होऊन माझ्या टेबलावर पडली, फक्त ‘तपासून’ द्यायची होती.

आता जरा खोलात जाते. ही गोष्ट इंदूरपुरती नाही. श्रीलंकेच्या ‘महावंस’ ग्रंथात चोळ राजा एलार याची कथा आहे. राजपुत्राच्या रथाखाली वासरू मरतं, गाय न्यायाची घंटा वाजवते आणि राजा त्याच चाकाखाली मुलाला मारतो. तो ग्रंथ साधारण पाचव्या शतकातला. तमिळ देशात हीच कथा तिरुवारूरच्या मनुनीती चोळाची म्हणून सांगतात. चेन्नईच्या उच्च न्यायालयाच्या आवारात त्याचा पुतळा आहे. न्यायी राजाची कीर्ती झाली की ही कथा त्याच्या दारी येते. अहिल्याबाईंच्या न्यायावर लोकांचा केवढा विश्वास होता, याचा पुरावा म्हणून ती मोलाची आहे. घडलेल्या प्रसंगाचा पुरावा म्हणून नाही.

याहून कठोर रूपात, म्हणजे बाईंनी मुलाला खरोखर मारवलं, असाही प्रवाद होता. माल्कमने त्याची चौकशी करून तो खोटा ठरवला. मला आणखी एक कारण पटतं. बाईंचे सासरे मल्हारराव १७६६च्या मे महिन्यात गेले, मालेरावाला सुभेदारी मिळाली आणि १७६७मध्ये तोही गेला. लगेच दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड दत्तक घ्या म्हणून मागे लागला आणि त्याने राघोबादादांना बोलावलं. बाई लढायला उभ्या राहिल्या आणि माधवराव पेशव्यांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. दौलतीच्या वारसाला आईनेच मारलं असतं, तर या पक्षाला पुण्यात दुसरं काही सांगण्याची गरजच नव्हती. एवढं मोठं हत्यार हातात असताना चंद्रचूड ते खाली ठेवेल?

मालेरावाच्या मृत्यूची जी हकीकत माल्कमने ऐकून लिहिली, ती अशी: वाड्यातल्या एका दासीशी संबंध असल्याच्या संशयावरून त्याने एका भरतकाम करणाऱ्याला मारलं. तो निर्दोष होता हे कळल्यावर मालेरावाला वेड लागलं. लोक म्हणाले, मेलेल्याचं भूत लागलं. आई रात्रंदिवस पलंगाशी बसून त्या भुताची विनवणी करत राहिली, देऊळ बांधते, कुटुंबाला जहागीर देते, याला सोड. भुताने सोडलं नाही. बाविशीच्या आसपास मुलगा गेला.

ही बाई मला रथावर चढणाऱ्या बाईपेक्षा खरी वाटते, आणि मोठीही. पोटच्या पोराच्या हातून खून झाला आहे हे तिला माहीत आहे, तरी तिला तो जगायला हवा आहे. आपण तिला देवी केलं, हातात शिवलिंग दिलं आणि तिचं दुःख काढून घेतलं. संहितेवर मी शेरा लिहिला: लोककथा म्हणून सांगावी, प्रवेश करू नये. प्रवेश एका रविवारी झाला. फलकावरून माझं नाव मी काढून घ्यायला लावलं.

पुढच्या महिन्यात आमच्या माणसांसाठी मी नवं टिपण केलं. प्रत्येक माहितीपुढे तीनपैकी एक खूण: कागदात आहे, लोक सांगतात, आम्ही ठरवलं. पागोट्याचा रंग तिसऱ्यात, दरबाराची वेळ दुसऱ्यात, कारण माल्कमनेही ती ऐकूनच लिहिली. कोठीत बसणाऱ्या मुलीला एका आजोबांनी वासराबद्दल विचारलं. ती म्हणाली, ‘आजोबा, इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या असं सांगतात. माल्कमनं मात्र मालेराव आजारानं गेले असं ऐकून लिहिलं.’ आजोबा रागावले, आमच्या आजीने सांगितलंय म्हणाले. तिने आजी कुठल्या, कधीपासून सांगत होत्या, हे विचारून वहीत लिहून घेतलं. मग ते बराच वेळ बसून बोलले.

आता मी अहिल्याबाईंच्या मुलीच्या, मुक्ताबाईच्या मागे आहे. १७५४मध्ये कुंभेरीला बाईंचे पती खंडेराव पडले, तेव्हा मल्हाररावांनी सुनेला सती जाण्यापासून अडवलं, हा प्रवेश सगळे करतात. १७९१मध्ये त्याच बाईंनी मुलीला अडवण्याचा प्रयत्न केला आणि मुलीने ऐकलं नाही, हा कुणी करत नाही. मुक्ताबाईचा मुलगा आधीच गेला होता, मग नवरा यशवंतराव फणसे गेले, आणि ती महेश्वरला सती गेली. सणासुदीला हे नको, असं आमच्या संस्थेच्या समितीचं म्हणणं. विल्यम्सबर्गने १९९४मध्ये गुलामांच्या लिलावाचा प्रवेश करायचं ठरवलं, तेव्हाही विरोध झाला होता. तिथे निदर्शनं झाली, तरी प्रवेश झाला.

माझ्या टिपणात चिता नाही. आई आणि मुलगी, एवढ्या दोघीच. माल्कमच्या ग्रंथात मुलीच्या तोंडी उत्तर आहे: तू म्हातारी झालीस, तू गेल्यावर मी कशी जगू, आणि तेव्हा मानाने मरायची वेळही निघून गेलेली असेल. ते सूत्रधाराने वाचावं आणि पुढे ‘लोक सांगतात’ ही खूण वाचून दाखवावी. आईच्या तोंडी एकही वाक्य मी घातलेलं नाही. लहान मुलं असतील तर पालकांना आधी सांगावं, हेही लिहिलं आहे. समितीची बैठक दिवाळीनंतर आहे.