जाऊन येतो

मंडळाच्या कार्यक्रमात कोणी ना कोणी मला हमखास विचारतं, "काका, आतापर्यंत किती शिखरं झाली?" प्रश्न कौतुकाचा असतो, पण उत्तर देताना मी अडखळतो. कारण जपानमध्ये डोंगर मोजण्याची मोठी हौस आहे. क्यूया फुकादा नावाच्या लेखकाने १९६४ साली 'निहोन ह्याकुमेइझान' म्हणजे 'जपानचे शंभर नामांकित डोंगर' हे पुस्तक काढलं आणि तेव्हापासून ती यादी पुरी करणं हे कित्येकांचं निवृत्तीनंतरचं व्रत होऊन बसलं आहे. आगगाडीत शेजारी बसलेले सत्तरीचे आजोबा सहज सांगतात, "माझे एक्क्याऐंशी झाले." त्यांच्यासमोर माझे पस्तीस-चाळीस म्हणजे बालवाडीच. ज्या फुकादांनी ही यादी केली, ते स्वतः १९७१ साली डोंगरावरच गेले. कायागाताके या १७०४ मीटरच्या, फारशा अवघड नसलेल्या डोंगरावर चालताना मेंदूत रक्तस्राव झाला.

मला वाटतं, चढलेली शिखरं मोजण्यापेक्षा उतरून घरी आलो ते दिवस मोजावेत. यंदा अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा ठरवलं, शिखरांवर बरेच जण लिहितात, आपण परत येण्यावर लिहू.

माझी डोंगराची शाळा नाशिकची. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड, आणि जरा धीट झाल्यावर अलंग-मदन-कुलंग. एसटीने पायथ्याच्या गावात उतरायचं, कोणाच्या तरी ओसरीवर पाणी प्यायचं आणि निघताना सांगायचं, "मामा, वर मुक्काम आहे. उद्या दुपारपर्यंत उतरतो." मामा जास्त बोलायचे नाहीत. फक्त विचारायचे, "किती जण?" आम्ही सांगायचो, "सात." दुसऱ्या दिवशी उतरताना ते नजरेनेच सात डोकी मोजायचे आणि मग चहाचं आधण ठेवायचे. त्या मोजण्याचा अर्थ तेव्हा कळला नव्हता. कागद नाही, सही नाही, पण आपण वर आहोत हे खाली एका माणसाला माहीत आहे, ही सोय होती.

१९९८ साली नोकरीसाठी तोक्योत आलो. पुढच्या वर्षी कचेरीतले एक ज्येष्ठ सहकारी मला तानझावाच्या डोंगरात घेऊन गेले. वाट सुरू होते तिथे एक लाकडी पेटी होती. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि एक छापील कागद माझ्यापुढे धरला. हाच तो 'तोझान-तोदोके', डोंगर चढण्याची सूचना. नाव, वय, कुठल्या वाटेने चढणार, कुठून उतरणार, किती वाजता, बरोबर अन्न किती, बॅटरी आहे का, पावसाचे कपडे आहेत का. शेवटचा रकाना होता : काही झालं तर कोणाला कळवायचं?

मी नाशिकचा नंबर लिहायला घेतला. ते हळूच म्हणाले, "इथलं कोणी हवं. पोलिसांचा फोन उचलून जपानीत बोलू शकेल असं." इथलं माझं कोणी नव्हतं. बायको यायची होती, ओळखी व्हायच्या होत्या. क्षणभर थांबून त्यांनीच त्या रकान्यात आपल्या पत्नीचं नाव लिहिलं. संध्याकाळी खाली आल्यावर त्यांनी घरी फोन लावला, तर पलीकडून पहिला प्रश्न आला, "ते भारतीय गृहस्थही उतरले ना?" मला कधी न पाहिलेली एक बाई दिवसभर माझ्यासाठीही घड्याळाकडे बघत होती. परक्या देशात आपली कोणी वाट पाहतंय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

त्या कागदाची खरी किंमत सगळ्या देशाला कळली ती २०१४ साली. २७ सप्टेंबर, शनिवार, दुपारचे बारा वाजायला काही मिनिटं. ओनताके डोंगरावर पानांचे रंग पाहायला गर्दी झालेली, माणसं माथ्यावर डबे उघडून बसलेली, आणि ज्वालामुखी फुटला. ५८ माणसं गेली, पाच जणांचा अजून पत्ता नाही. अनेकांनी सूचना भरलीच नव्हती, त्यामुळे वर नेमकं कोण कोण होतं हे ठरवायलाच कित्येक दिवस लागले. पायथ्याशी उभ्या राहिलेल्या गाड्या आणि घरून आलेले फोन यांवरून नावं जुळवावी लागली. त्यानंतर कायदे बदलले. नागानो, गिफू अशा प्रांतांत ठरावीक डोंगरांसाठी सूचना भरणं आता बंधनकारक आहे. मोबाईलवरूनही ती भरता येते, पाच मिनिटांचं काम आहे.

पण कागद भरला म्हणजे माणूस परत येतोच असं नाही. त्यासाठी मागे फिरता यायला हवं. जपानी गिर्यारोहक त्याला 'हिकिकाएसु युउकि' म्हणतात, परत फिरण्याचं धाडस. मला ते शिकवलं यारिगाताकेने. यारि म्हणजे भाला. ३१८० मीटरचा हा सुळका खरोखर भाल्याच्या टोकासारखा दिसतो. कामिकोचीहून चालत निघालो, वाटेत मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघे सुळक्याखालच्या यामागोयात, म्हणजे डोंगरावरच्या निवाऱ्यात पोचलो. तिथून टोक फक्त अर्ध्या तासावर, साखळ्या आणि लोखंडी शिड्यांची वाट. इतक्यात पश्चिमेकडून ढग गडगडला. लोखंडी शिडी आणि वीज यांचं नातं सांगायला नको. आमच्या ज्येष्ठांनी आभाळाकडे पाहिलं आणि बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या. म्हणजे आज नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेही पाऊस थांबेना, तेव्हा आम्ही तसेच खाली उतरलो. दोन दिवसांची चाल, आणि शिखर शंभर मीटरवर सोडून आलो. पुढे कधी गुडघा, कधी वादळ, कधी मुलीची परीक्षा. ते टोक अजून राहिलंच आहे. यादीत त्याच्यापुढे रिकामी चौकट आहे आणि ती तशीच राहिली तरी चालेल.

खाली आल्यावर आईला फोन केला. आई नाशिकला, वय तेव्हा सत्तर. मी सुळक्याचं वर्णन सुरू केलं, तर तिने मधेच तोडलं. "चढलास की नाही ते मला नको सांगू. उतरलास ना? मग झालं. उतरलास की फोन करत जा." पुढची चौदा वर्षं मी प्रत्येक डोंगर उतरल्यावर, बस थांब्यावर उभा राहून, तो एक फोन केला. तिला डोंगराचं नावही उच्चारता यायचं नाही. तिला फक्त 'उतरलो' एवढं ऐकायचं असायचं.

आता जरा वाळवंटाकडे. जपानमध्ये वाळवंट? हो, आणि तेही तोक्यो महानगराच्याच हद्दीत. तोत्तोरीची वाळू प्रसिद्ध आहे, पण तिथे नकाशा 'वाळूच्या टेकड्या' म्हणतो. सरकारी नकाशावर 'साबाकु' म्हणजे वाळवंट असं नाव छापलेलं आहे ते इझु ओशिमा बेटावर, मिहारायामा या ७५८ मीटरच्या ज्वालामुखीच्या कुशीत. ताकेशिबा धक्क्यावरून रात्रीची बोट धरली की पहाटे बेटावर. वर विवराच्या कडेने फेरी मारायची आणि मागच्या बाजूला उतरायचं, की सुरू होतं 'उरा-साबाकु', मागलं वाळवंट. पाऊस तिथे भरपूर पडतो. पण ज्वालामुखीचा खडा, वायू आणि वारा यांनी झाडोरा टिकू दिलेला नाही. जिकडे बघावं तिकडे काळंभोर. पायाखाली भाजलेल्या विटेच्या चुरीसारखा कुरकुरणारा काळा खडा, आणि पलीकडे समुद्र.

हाच डोंगर नोव्हेंबर १९८६ मध्ये असा फुटला, की बेटावरच्या सुमारे दहा हजार माणसांना एका रात्रीत बोटींनी बाहेर काढावं लागलं. सुमारे महिनाभराने ती माणसं घरी परतली. तिथला एक खडा हातात घेतला आणि मी हसलो. हा तर बेसाल्ट! आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ तोच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी महाराष्ट्राच्या भूमीवर असाच लाव्हा थरावर थर ओतला गेला. रतनगडच्या कड्याचे ते पट्टे म्हणजे ते थरच. नाशिकचा दगड मला समुद्रात एका बेटावर भेटला, फक्त वयाने फार लहान.

त्या वाळवंटात चालताना झाडाला बांधलेली फीत नाही, मळलेली वाट नाही. समुद्रावरून धुकं आलं की दहा पावलांपुढचं दिसत नाही, आणि आपल्याच पावलांचे ठसे वारा पुसत जातो. म्हणून मी दर पंधरा मिनिटांनी थांबतो आणि मागे वळून बघतो. परतीची वाट जातानाच्या वाटेसारखी कधीच दिसत नाही. जाताना जो दगड डावीकडे वाकलेला दिसतो, तो येताना ओळखूही येत नाही. मागे वळून पाहिलेलं असलं, तरच येताना ओळख पटते. ही सवय झाडीतही तेवढीच उपयोगी. जपानी पोलिसांचे आकडे पाहिले तर २०२३ साली डोंगरातले अपघात तीन हजारांवर गेले. तीनशेहून अधिक माणसं दगावली किंवा बेपत्ता झाली. त्यात कड्यावरून पडलेल्यांपेक्षा साधी वाट चुकलेले जास्त. आणि अडचणीत सापडलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे साठीच्या पुढचे.

या शेवटच्या ओळीनेच यंदा आमच्या घरात वाद झाला. मी आता बासष्टचा. एकट्याने चालण्याचं सुख मला फार आहे. बोलायला कोणी नसलं की डोंगर जास्त बोलतो. पण सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, तुम्ही डोंगरावर असता तेव्हा मी घरात असते, एवढं लक्षात असू द्या." ओसाकाहून लेकीने तिची बाजू घेतली. मी गुडघ्याच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र पुढे केलं, चांगल्या बुटांचा दाखला दिला. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "पाय घसरला तर बूट फोन करणार आहेत का?"

वाद चार दिवस चालला. पाचव्या दिवशी सकाळी बाजारात जायला निघालो आणि सवयीने दारातून म्हणालो, "जाऊन येतो." आतून उत्तर आलं, "या." आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. जपानी माणूसही दारातून 'इत्ते किमासु' म्हणतो, शब्दशः 'जाऊन येतो'. आणि घरातून उत्तर येतं 'इत्तेराश्शाई', 'जाऊन या'. इतक्या दूरच्या दोन भाषांनी निरोपात परत येण्याचं वचन घातलं, ते काही उगीच नाही. त्या वचनाला दोन बाजू असतात. एक बाहेर पडतो, दुसरा घड्याळ बघतो. आपण परदेशी राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. विमानतळावर आपण सगळेच 'येतो' म्हणून निघालो होतो. मी सत्तावीस वर्षांपूर्वी म्हणालो होतो. ते येणं सुट्ट्यांपुरतंच राहिलं. माझ्या 'येतो'ची वाट पाहणारी आई सहा वर्षांपूर्वी गेली. विमानतळावरचा शब्द मी पुरा पाळू शकलो नाही, डोंगरावरचा मात्र दर वेळी पाळला. तो तरी शेवटपर्यंत पाळावा असं वाटतं.

तेव्हा तह झाला. उंच डोंगर, बर्फ, साखळ्यांच्या वाटा आता एकट्याने नाहीत. कोणी बरोबर असेल तरच. एकट्याने जायचं ते ताकाओ, ओयामा, त्सुकुबा अशा ठिकाणी, जिथे माणसांची वर्दळ असते. प्रत्येक वेळी सूचना भरायची आणि तिची एक प्रत फ्रिजवर लावायची. ठरल्या वेळेनंतर दोन तासांत फोन आला नाही, तर संकोच न करता ११० नंबर फिरवायचा. आणि उतरल्यावरचा जुना फोन चालू. आता तो नाशिकऐवजी निशि-कासाईला येतो. यात मी काही गमावलं का? पहाटेच्या एकांताचे काही डोंगर गमावले, आणि त्याचं वाईट वाटतं. खोटं कशाला बोलू? पण माझी वाट पाहणारं घर आहे, म्हणून तर हा तह करावा लागला.

मंडळातल्या नव्या मंडळींना एवढंच सांगेन. दिवाळी झाली की ताकाओवर पानं लाल होतील. ५९९ मीटरचा डोंगर, शिंजुकूहून तासाभराच्या आत. लेकरंबाळं घेऊन जरूर जा. पण नोव्हेंबरात इथे साडेचारलाच सूर्य मावळतो आणि झाडीत त्याही आधी अंधार होतो, म्हणून बॅटरी घ्या. अस्वलासाठी घुंगरू घ्या, बैलाच्या गळ्यातल्यासारखं वाजतं, मुलांना गंमत वाटते. चकली, शंकरपाळी पिशवीत असू द्या, वाटेत भेटणाऱ्या जपानी आजोबांना द्या, ते बदल्यात उमेबोशी देतील. आणि निघण्यापूर्वी कोणाला तरी सांगून जा. तोक्योत नवीन आहात, सांगायला कोणी नाही असं वाटलं, तर मंडळाकडून माझा नंबर घ्या. त्या शेवटच्या रकान्यात माझं नाव बिनदिक्कत लिहा. मी तुमच्या घड्याळाकडे लक्ष ठेवीन. उतरलात की फक्त एक फोन करा.

सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा. जाऊन या.