उभी पंगत

परदेशीं निघालेल्या शाकाहारी माणसास प्रेक्षणीय स्थळांपेक्षां पोटाचीच विवंचना अधिक असते. गेल्या वर्षीं जून महिन्यांत चिरंजीव व सूनबाई यांनीं आम्हां उभयतांस स्पेन देशांतील सेव्हिल नगरीस नेलें, तेव्हां सौ.नें मेतकूट, भाजणी व दशम्या यांची एक स्वतंत्र पेटीच भरून घेतली होती. "आज संध्याकाळीं मार्गदर्शक बाईंबरोबर तापास खावयास जावयाचें आहे," असें सूनबाईंनीं सांगितलें, तेव्हां शब्दसादृश्यामुळें हें एखादें तपाचरण असावें असें आम्हांस क्षणभर वाटलें. वस्तुस्थिति अगदीं उलट निघाली.

'तापा' या स्पॅनिश शब्दाचा मूळ अर्थ झांकण. पूर्वीं मद्याच्या पेल्यांत माशी पडूं नये म्हणून त्यावर पावाचा तुकडा ठेवीत व पुढें त्या झांकणासच खाद्याची प्रतिष्ठा आली, अशी एक आख्यायिका आहे. तें कसेंही असो. आज तापा म्हणजे चार घांसांत संपणारें बशीभर खाद्य. ग्रानादा शहरांत तें पेयाबरोबर फुकट मिळतें, सेव्हिलमध्यें दाम मोजावे लागतात. एका दुकानीं एक-दोन पदार्थ घ्यावयाचे, गप्पा मारावयाच्या व पुढील दुकानाची वाट धरावयाची, असा हा पायीं चालत करावयाचा फराळ आहे.

आम्ही निघालों तेव्हां साडेनऊ वाजले होते, तरी सूर्य मावळला नव्हता! १९४० पासून त्या देशाचीं घड्याळें मध्य युरोपच्या वेळेप्रमाणें चालतात, त्याचा हा परिणाम. चौकांत मुलें खेळत होतीं, आणि काठी टेकीत आलेले आजोबा व आजीबाई दुकानांच्या दारांत उभ्यानें बोलत होत्या. म्हाताऱ्यांस घरीं ठेवून तरुणांनीं बाहेर पडावें, अशी तेथें रीत दिसली नाहीं.

पहिलें दुकान 'एल रिंकोन्सियो' नांवाचें. त्याची स्थापना १६७० सालची, म्हणजे ज्या वर्षीं तानाजी मालुसरे यांनीं प्राण वेंचून कोंढाणा स्वराज्यांत आणला, त्याच वर्षाची. छतास डुकराच्या मांड्या टांगलेल्या पाहून सौ.नें पदर नाकाशीं नेला. पण लांकडी फळीवर वाढपी खडूनें प्रत्येकाचा हिशेब लिहितो, हें पाहून जन्मभर खडू हातीं धरलेल्या आम्हांस त्या जागेविषयीं एकाएकीं आपलेपणा वाटूं लागला.

मार्गदर्शक बाईंनीं आमच्यासाठीं पालक व काबुली चणे यांची बशी मागविली. ती फळीवर मध्यें ठेवली गेली. सौ.नें संवयीप्रमाणें ती आमच्याकडे सरकविली, नातवाच्या हातीं कांटा दिला व आपण दोन पावलें मागें उभी राहिली. बाईंनीं हें पाहिलें, एक कांटा तिच्या हातीं ठेवला व हंसत कांहीं म्हटलें. सूनबाईंनीं अर्थ सांगितला, "आई, त्या म्हणतात, येथें वाढणारें कोणी नसतें. जो थांबेल त्याला बशी रिकामी मिळेल."

सौ.नें आधीं निराळ्या लहान बशा मागितल्या. वाढप्यानें त्या विनातक्रार दिल्या व उष्ट्याचा प्रश्न सुटला. मग तिनें एक घांस घेतला, थोडी थांबली व म्हणाली, "अहो, ही तर आपली पालकाची पातळ भाजी! जिरें आहे, लसूण आहे. आपण डाळीचें पीठ लावतों, यांनीं तळलेला पाव वाटून लावला आहे." सूनबाईंनीं तें सांगतांच बाईंनीं आनंदानें टाळी वाजविली. तें अक्षरशः खरें होतें.

आमच्या लग्नास बेचाळीस वर्षें झालीं. सौ.चा पहिला घांस आम्हीं त्या दिवशीं प्रथम पाहिला.

दुसऱ्या दुकानीं वांग्याचे तळलेले काप व त्यावर उसाची काकवी, असा पदार्थ आला. मुसलमानांचें राज्य सेव्हिलवर ७१२ पासून १२४८ पर्यंत होतें. त्या अमदानींत आलेल्या शब्दांत आमचे जुने परिचित भेटले! संस्कृत 'नारंग' तेथें 'नारांखा' झाला आहे, 'शर्करा' 'आसूकार' झाली आहे. उलटपक्षीं अमेरिकेचा व्यापार १५०३ पासून याच नगरींतून चाले; बटाटा व मिरची त्या खंडांतून निघून पुढें पोर्तुगीजांच्या हातून आमच्याकडे आलीं. तेव्हां आमच्या उपासाच्या बटाट्यानें सेव्हिलच्या बटाट्यास परका म्हणण्याचें कारण नाहीं.

परंतु शब्दांपेक्षां त्या कांट्याचा विचार आमच्या मनांत अधिक राहिला. आमच्या घरांत अकरा माणसें आहेत. पुरुष व मुलें आधीं बसतात, वाढणाऱ्या मागाहून. गरम पोळी पानांत पडावी म्हणून कोणी तरी उभें राहिलें पाहिजे, हें या व्यवस्थेचें कारण आहे व तें खोटें नाहीं. मात्र गरम पोळी वाढणारीस गरम पोळी मिळत नाहीं, हा हिशेब कोणी फळीवर मांडीत नाहीं. तेथील उभ्या पंगतींत पहिलें पान नाहीं व शेवटचेंही नाहीं. आणि जी रांधते तिचें मत जेवणाऱ्यांच्या मागून नव्हे, बरोबर ऐकूं येतें.

स्पेनची सर्वच रीत उचलावी असें आमचें म्हणणें नाहीं. मद्य त्यांचें त्यांस लखलाभ असो, आणि मध्यरात्रींचें जेवण आमच्या वयास मानवणारें नाहीं. परंतु आठवड्यांतून एक रात्र तरी आपल्या घरीं पदार्थ मध्यें ठेवून सर्वांनीं एकदम बसण्यास कोणतें शास्त्र आड येतें? आमच्या घरीं शनिवारीं शेगडी बंद करून मगच सर्वांनीं पानावर बसावें, असें आतां ठरलें आहे. पोळ्या किंचित् निवतात खऱ्या. पण त्या सर्वांच्या सारख्याच निवतात.