प्रत आणि पाठ

पाठचिकित्सा शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना एक गोष्ट हमखास सांगतो : प्रत हाती असणे आणि पाठ हाती असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. म्हाइंभटांच्या लीळाचरित्राची मूळ पोथी परचक्रात गहाळ झाली व शिष्यांनी स्मरणाच्या आधारे ती पुन्हा सिद्ध केली, असे महानुभाव परंपरा सांगते. त्यातून निर्माण झालेल्या पाठभेदांचा गुंता अभ्यासकांना परिचित आहेच. हे सारे तेराव्या-चौदाव्या शतकाविषयी आपण सहज बोलतो. आपल्या काळातल्या पत्रव्यवहाराविषयी मात्र तसा विचार करीत नाही.

आमचे सर २००६ साली निवृत्त झाले आणि पुढची बारा वर्षे जात्यावरच्या ओव्यांच्या संपादनात गढून गेले. ओव्या वह्यांत उतरवलेल्या होत्या. पण कोणती ओवी कोणत्या गावी, कुणाच्या तोंडून ऐकली, कोणता शब्द कोण बदलून म्हणे, याच्या नोंदी गावोगावच्या शिक्षकांशी झालेल्या विरोपांत, म्हणजे ईमेलांत, होत्या. सर पॉप पद्धतीने पत्रे संगणकावर उतरवून घेत आणि सर्व्हरवर प्रत ठेवत नसत. साहजिकच सगळा व्यवहार त्यांच्या अभ्यासिकेतल्या एका हार्ड डिस्कवर साठला होता. २०१९ मध्ये सर गेले. "यात त्यांचं काय काय आहे ते तुम्हीच बघा," एवढेच म्हणून काकूंनी संगणक आमच्या स्वाधीन केला. ओव्या सांगणाऱ्या बायांपैकी बहुतेक तोवर हयात नव्हत्या.

संगणकावर लिनक्स होते आणि पत्रांसाठी थंडरबर्ड. लिनक्समध्ये ज्या फोल्डरचे नाव टिंबाने सुरू होते तो एरवी दिसत नाही; कंट्रोल आणि एच ही बटणे दाबली की प्रकट होतो. 'डॉट थंडरबर्ड' हा असाच एक फोल्डर. त्यात पत्रांचा प्रत्येक कप्पा ही एकच लांबलचक फाइल असते. तिला एमबॉक्स म्हणतात. पोथीत अध्यायामागून अध्याय यावा तशी तीत पत्रे लागोपाठ येतात आणि 'फ्रॉम' या इंग्रजी शब्दाने सुरू होणारी ओळ आली की नवे पत्र सुरू झाले असे समजायचे. गंमत अशी, की पत्राच्या मजकुरातलीच एखादी ओळ त्या शब्दाने सुरू झाली, तर घोटाळा टाळण्यासाठी तिच्याआधी एक कोनचिन्ह घालण्याची रीत आहे. लेखनिकाचा प्रक्षेप म्हणतात तो हाच!

प्रत करण्याआधी आम्ही थंडरबर्ड बंद केले. चालू असताना फाइली बदलत राहतात आणि अर्धवट प्रत निघू शकते. नुसती पत्रे न घेता सरांचा संपूर्ण होम फोल्डर 'टार'ने एकत्र बांधला, दोन बाहेरच्या डिस्कांवर उतरवला आणि मूळ व प्रती यांची शा-२५६ बेरीज जुळते का ते पाहिले. एक डिस्क विभागात ठेवली, दुसरी आमच्यापैकी एकाच्या घरी. आज बहुतेकांची पत्रे आयमॅपने येतात आणि अनेक यंत्रांवर एकदम दिसतात. पण ती प्रत नव्हे, आरसा आहे. एकीकडे पत्र पुसले की ते सगळीकडून जाते.

खरी कसोटी पुनःस्थापनेची. विभागातल्या संगणकावर उबंटूची २४.०४ ही आवृत्ती होती. तीत थंडरबर्ड 'स्नॅप' स्वरूपात येते आणि पत्रे जुन्या जागी न शोधता 'स्नॅप' फोल्डरच्या पोटात शोधते. म्हणून सरांचा फोल्डर तिथे ठेवला, इंटरनेट तोडले आणि कार्यक्रम उघडला. काही कप्पे रिकामे दिसले. तिथल्या एमएसएफ फाइली, ज्या केवळ अनुक्रमणिका असतात, काढून टाकल्या. थंडरबर्डने त्या नव्याने रचल्या आणि पत्रे दिसू लागली.

पत्रांचा मजकूर युनिकोडात होता, तो सुखरूप उमटला. सोबत जोडलेल्या जुन्या फाइली मात्र युनिकोडपूर्व फाँटांतल्या. तिथे देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच पडला होता. सकळ लिपीची उकल राजवाड्यांनी करीपर्यंत महानुभावांच्या पोथ्या पंथाबाहेरच्या अभ्यासकांना अशाच मुक्या होत्या. आमची किल्ली होम फोल्डरमध्येच सापडली : 'डॉट फाँट्स' या आणखी एका अदृश्य फोल्डरात सरांनी ते फाँट जपले होते. नुसती पत्रे उचलली असती, तर प्रत राहिली असती आणि पाठ गेला असता.

त्यातच २००९ चे एक पत्र मिळाले. एका शिक्षकाने कळवले होते, की माझी आजी ज्या ठिकाणी 'बया' म्हणते तिथे शेजारच्या आजी 'आत्या' म्हणतात. त्यांची आई लहानपणीच गेली, आत्याने वाढवले. यातले मूळ कोणते? सरांचे उत्तर दोन ओळींचे आहे : दोन्ही पाठ घ्यावेत, आणि कारणही छापावे.

सरांच्या वहीत 'आत्या' या शब्दापुढे केवळ एक प्रश्नचिन्ह आहे. आता दर दिवाळीच्या सुटीत त्या डिस्कांपैकी एक आम्ही दुसऱ्याच संगणकावर उघडतो, आणि हे पत्र वाचता येते ना, ते पाहतो.