अंबडच्या कॅज्युअल्टीतून

मंगळवार, 13 मे 2025
दुपारी एकला दहावीचा निकाल लागला. रात्री साडेनऊच्या सुमारास आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या एका मुलीला रिक्षातून आणलं. शुद्धीवर होती, तासाभरात धोका टळला. वडील एमआयडीसीत सेकंड शिफ्टला, कंपनीच्या गणवेशातच धावत आले. पहिलं वाक्य, "साहेब, पोलीस केस नका करू हो." एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंदवावीच लागते, पोलीस जबाब घेतील, हे सांगितलं. पण पोरीवर गुन्हा होणार नाही. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 असं माणूस तीव्र तणावाखाली होतं असंच धरून चालतं, आणि 1 जुलै 2024पासूनच्या न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दलचं जुनं कलम 309 नाही. एवढं ऐकून ते बाकड्यावर बसले.

बुधवार, 14 मे
मामा आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "एवढ्याशा मार्कांसाठी?" त्यांना चहाला पाठवलं. पडदा ओढून सरळ विचारलं, "मरावंसं वाटत होतं का? आत्ता वाटतंय?" नवीन डॉक्टर हे विचारायला घाबरतात, जणू आपणच डोक्यात भरवू. तसं होत नाही. उलट पोरं बोलती होतात. मार्क बरे होते. त्रास दिवाळीपासूनचा: झोप नाही, वर्गाच्या ग्रुपवर फिरलेला एक फोटो. निकाल नुसतं निमित्त. आपण मात्र 'निकालामुळे' म्हणून मोकळे होतो.

शुक्रवार, 16 मे
आज घरी सोडलं. आईला बजावलं: घरातली औषधं कुलपात, किल्ली तुमच्यापाशी, पोरगी एकटी नको, टोमणे अजिबात नकोत. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेऊनच कागद हातात दिले. घरी गेल्यावरचे पहिले आठवडेच जोखमीचे, आणि नेमकी तेव्हा आमची फाईल बंद! जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी असा प्रयत्न केलेल्या 1,867 जणांवर अभ्यास केला होता. काहींना घरी जाताना तासभर समजावलं, पुढच्या दीड वर्षात नऊदा फोन किंवा भेट. त्यांच्यात आत्महत्येने मृत्यू 0.2 टक्के, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत 2.2. लागतं काय, तर रजिस्टर आणि फोन. पण हे काम कुणाच्याच ड्युटीत बसत नाही.

शनिवार, 24 मे
सिस्टरने फोन लावला. आईने उचलला, मग तिला दिला. झोप थोडी लागते म्हणाली. पुढचा फोन पंधरा दिवसांनी, रजिस्टरमध्ये लिहिलाय. केसपेपरवर मारायला शिक्काही करून घेतला: टेली-मानस हेल्पलाइन 14416, मोफत, चोवीस तास, मराठीतही.